परळ ते परळ, व्हाया बॉस्टन

परळला 'टाटा'च्या दारात उभं राहिलं की तिथून हाफकिन संस्था चालत पाच-दहा मिनिटांवर. एकीकडे अर्ध्या देशातून आलेली माणसं मांडीवर फाइल घेऊन फुटपाथवर बसलेली. दुसरीकडे जुन्या गव्हर्नमेंट हाउसची ऐसपैस वास्तू आणि झाडांची सावली. 'त्याला टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की आपल्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. हाफकिनचं नाव काढलं तर प्लेगची लस आठवते, सापाच्या विषावरचं औषध आठवतं. कॅन्सर कुणाला आठवत नाही. तरीही कॅन्सरला पहिल्यांदा मागे रेटणाऱ्या औषधांतल्या एका मोठ्या घराण्याचं मूळ शोधत गेलं, तर वाट हाफकिनमध्ये येऊन थांबते. आणि तिथे कॅन्सरचा विषयच नव्हता. विषय होता गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या जेवणाचा.

१९२८ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या डॉ. लूसी विल्स मुंबईत उतरल्या. वय चाळीस. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग वैद्यकाकडे वळलेल्या. गरोदरपणी आणि बाळंतपणात बायका इतक्या का दगावतात याची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने काढली होती. आजच्या आयसीएमआरचं ते पूर्वरूप. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्सबाईंना या कामात ओढलं आणि हाफकिनमध्ये त्यांची बैठक बसली.

चौकशीत एक विचित्र पंडुरोग पुनःपुन्हा समोर येत होता. बाई पांढरीफटक पडलेली, चार पायऱ्या चढताना धाप लागणारी. रक्त काचेवर पसरून पाहावं तर लाल पेशी कमी, पण ज्या होत्या त्या नको तेवढ्या मोठ्या आणि अर्ध्या कच्च्या. लोह देऊन उतार पडत नव्हता. दिवस भरत आले की आजार बळावायचा आणि कित्येकदा बाळंतपणातच सगळं संपायचं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पहिला संशय जंतूंवर गेला. विल्सबाईंनी जंतू तपासले, हाती काही लागलं नाही. मग त्यांनी जे केलं ते आज साधं वाटेल: कोण काय जेवतं ते त्या विचारत सुटल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या बायका, पडद्यातल्या गरीब मुसलमान बायका, जरा बऱ्या घरच्या बायका, असे गट पाडून त्यांनी ताटं तपासली. ज्या ताटात भाजीपाला, फळं, दूध, मांस जवळजवळ नव्हतं, तिथे हा आजार अधिक. पडद्यातल्या गरीब बायकांत तर सगळ्यात अधिक.

हे सिद्ध करायला उंदीर हवेत, म्हणून काम पुढे कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हललं. मुंबईतल्या गरिबाच्या जेवणासारखं जेवण उंदरांना घातलं आणि उंदीर पंडुरोगी झालेही. आनंद फार टिकला नाही. उंदरांच्या अंगावर उवा होत्या, उवांतून बार्टोनेला नावाचा जंतू पसरत होता आणि रक्त त्यामुळे कमी होत होतं. संशोधनाच्या इतिहासात अशा उवा फार असतात. त्या सहसा छापून येत नाहीत. विल्सबाई उंदरांवरून माकडांवर गेल्या. एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट चारलं आणि माकड सुधारलं.

मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा अर्क. काळपट, चिकट, खारट, ब्रेडला लावून खायचा. ज्यांना तो आवडतो त्यांच्याबद्दल मला आदर आहे, एवढंच म्हणतो. पण तो स्वस्त होता, आणि अशा पंडुरोगावर तेव्हा दिलं जाणारं काळजाचं म्हणजे लिव्हरचं सत्त्व या रुग्णांना देण्याइतका पैसा कुठे होता? हाच लगदा गरोदर बायकांना दिला, तर काही दिवसांतच नव्या लाल पेशी रक्तात उतरू लागल्या. जून १९३१मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विल्सबाईंचा लेख आला. यीस्टमध्ये, कच्च्या लिव्हर-अर्कात काहीतरी आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते काय, हे कळायला आणखी दहा-चौदा वर्षं गेली. तोवर त्याला 'विल्स फॅक्टर' असंच म्हणत.

त्याच जून महिन्यात वेल्समध्ये लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी वर्षभरात, १९३२च्या एप्रिलमध्ये, ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावाने न्यास केला आणि जूनमध्ये तेही गेले. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल त्यांच्या पश्चात दोराबजी टाटा ट्रस्टने उभं केलं. उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झालं. मेहेरबाईंच्या आजारावर तेव्हा जगात कुठेही औषध नव्हतं. पैसा होता, युरोपातले डॉक्टर होते, औषध नव्हतं. कॅन्सरवर दोनच उपाय: कापा, नाहीतर क्ष-किरणांनी वा रेडियमने जाळा. ल्युकेमियात तर कापायला गाठच नसते; आजार रक्तभर पसरलेला. मुलांचा तीव्र ल्युकेमिया काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जीव घेई.

विल्सबाईंच्या लेखातलं 'काहीतरी' शेवटी सापडलं ते पालकात. १९४१ साली टेक्सास विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी चार टन पालक उकळून, गाळून, आटवून त्यातून चिमूटभर द्रव्य काढलं. पानातून मिळालं म्हणून, लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून, त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव दिलं. पण दर वेळी चार टन पालक कोण उकळणार? ते प्रयोगशाळेत बनवायला हवं होतं, आणि ते बनवणाऱ्या चमूचा प्रमुख आपल्या भीमावरमचा होता.

येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५. मद्रास मेडिकल कॉलेजात असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन ते शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घालू लागले. इंग्रज प्राध्यापकाला हे आवडलं नाही आणि परिणाम निकालात उतरला. एमबीबीएसऐवजी एलएमएसवर भागवावं लागलं. भावाला स्प्रूने नेलं होतं. स्प्रू म्हणजे खाल्लेलं अंगी न लागता माणूस झिजत जाण्याचा आतड्याचा रोग. सुब्बारावांनाही तो झाला. त्यांना आयुर्वेदाच्या उपचारांनी उतार पडला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते बॉस्टनला हार्वर्डमध्ये पोचले. एलएमएसला तिथे कोण विचारणार? पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीचा हमाल म्हणून काम केलं. दिवसा प्रयोगशाळेत सायरस फिस्के यांच्या हाताखाली रक्तातलं फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली. १९२५ साली छापलेली ती फिस्के-सुब्बाराव पद्धत पुढे जगभरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रुळली. स्नायूंत ऊर्जा साठवणारं फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी या दोन्हींच्या शोधात त्यांचा हात होता. एवढं करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी तिची प्रयोगशाळा होती आणि लवकरच तिथल्या संशोधनाची सूत्रं त्यांच्या हाती आली.

तिथे १९४५मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड बनवलं. ते स्प्रूलाही लागू पडतं हेही त्याच सुमारास दिसलं. ज्या रोगाने भाऊ नेला त्याचं औषध असं हाती आलं. माझ्या मते ही गोष्ट एवढ्यावर संपली असती तरी पुरेशी मोठी होती. पण सुब्बारावांच्या बाटल्या हार्वर्डच्या शेजारच्याच एका डॉक्टरकडे जात होत्या.

बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये सिडनी फार्बर पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे जिवंत मुलांशी त्यांचा संबंध कमी. मूल गेलं की ते त्यांच्या टेबलावर यायचं. तळघरातल्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारे, टापटीप, तुटक स्वभावाचे गृहस्थ. ल्युकेमियाने गेलेल्या मुलांची अस्थिमज्जा त्यांनी खूप पाहिली होती. तिच्यात कच्च्या, न पिकलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. विल्सबाईंच्या रुग्णांची मज्जाही अशीच अर्धकच्ची दिसे आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं की पेशी पिकू लागत. मग ल्युकेमियातही ते चालेल? शिवाय काही उंदरांच्या गाठींवर या कुळातल्या द्रव्यांचा उपयोग होतो, असं न्यूयॉर्कमधून छापून आलं होतं. फार्बर यांनी मुलांना फॉलिक अ‍ॅसिडची संयुगं दिली.

आजार भडकला. मज्जेत कॅन्सरच्या पेशी आधीपेक्षा वेगाने वाढताना दिसल्या. फार्बर यांनी वर्षानुवर्षं काचेवर रोग वाचला होता, म्हणून ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांचं वेगळेपण इथे आहे, असं मला वाटतं. आपला उपाय मुलांना घातक ठरला हे त्यांनी झाकलं नाही, लेखात छापलं. आजच्या कसोटीवर हा प्रयोग उत्तीर्ण होणार नाही. लेखी संमती नाही, नैतिकता समिती नाही. पण मुलं तशीही मरत होती, हे उत्तर तेव्हाचे डॉक्टर स्वतःला देत. ते उत्तर पुरेसं होतं का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

फार्बर यांनी एवढाच हिशेब मांडला: फॉलिक अ‍ॅसिडने आग वाढते, तर ते तोडलं पाहिजे. पेशी दुभंगायची म्हणजे तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत उतरवावी लागते आणि त्या कामाला फॉलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचंच शरीरातलं रूप, लागतं. गिरणगावातल्या बायकांच्या मज्जेत हेच झालं होतं: फॉलेट नाही, म्हणून पेशी वाढायची पण दुभंगायची नाही. जे त्या बायकांच्या नशिबी गरिबीने आलं, तेच कॅन्सरच्या पेशीला मुद्दाम भोगायला लावायचं. उपासमारीला शस्त्र करायचं.

पण शरीरातलं फॉलेट काढून कसं घेणार? त्यासाठी तोतया हवा. पेशवाईत भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा भलेभले सरदार फसले. चेहरा तोच, चाल तीच, पण राज्य चालवायची धमक नाही. सुब्बारावांच्या रसायनशास्त्रज्ञांनी फॉलिक अ‍ॅसिडचे असे तोतये बनवायला घेतले. सप्टेंबर १९४७मध्ये दिलेला पहिला विशेष चालला नाही. दुसऱ्याचं नाव अमिनोप्टेरिन. फॉलिक अ‍ॅसिडमधल्या एका जागी ऑक्सिजनचा गट काढून नायट्रोजनचा बसवला, इतकाच फरक. फॉलेटला कामाला लावणारं पेशीतलं एंझाइम या तोतयाला खऱ्याहून घट्ट धरून बसतं आणि मग सोडत नाही. हे एंझाइमचं प्रकरण उलगडायला आणखी दहा वर्षं लागली. औषध आधी आलं, स्पष्टीकरण नंतर. कॅन्सरच्या औषधांत हे वारंवार घडलं आहे.

२८ डिसेंबर १९४७. दोन वर्षांच्या एका मुलाला अमिनोप्टेरिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. प्लीहा सुजलेली, पोट ताठ, चालता येईना. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा चढत होता. नववर्षाच्या तोंडावर तो थबकला आणि मग उतरू लागला. जानेवारी संपता संपता पोर चालायला लागलं, जेवायला लागलं. ज्या आजारात असं कधी कुणी पाहिलं नव्हतं त्यात हे घडत होतं. इस्पितळातल्या अनेकांना मात्र हे रुचत नव्हतं. तळघरातला पॅथॉलॉजिस्ट मरणाऱ्या पोरांना सुया टोचतो, त्यांना शांतपणे जाऊ का देत नाही, अशी कुजबुज होती. ३ जून १९४८च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फार्बर आणि सहकाऱ्यांचा लेख आला. १६ मुलांना औषध दिलं होतं, १० मुलांत गुण दिसला. शीर्षकातच 'तात्पुरता' असा शब्द होता. 'बरं झालं' हा शब्द वापरण्याजोगं आमच्याकडे काही नाही, असंही त्यांनी लिहून ठेवलं. आजार काही महिन्यांनी परतला आणि ते पहिलं मूल त्याच वर्षी गेलं.

लेख आल्यावर दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव झोपेत हृदयविकाराने गेले. वय ५३. अमेरिकेचं नागरिकत्व त्यांना मिळालेलं नव्हतं, नोबेल तर दूरच. हत्तीरोगावरचं औषध, टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं प्रतिजैविक, फॉलिक अ‍ॅसिड आणि त्याचे तोतये, ही सगळी त्यांच्या प्रयोगशाळेची कमाई. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव अजूनही क्वचितच भेटतं.

कॅन्सरच्या औषधांची गोष्ट निघाली की बहुतेक जण ती दुसरीकडून सुरू करतात: डिसेंबर १९४३, इटलीतलं बारी बंदर, जर्मन विमानांचा हल्ला आणि 'जॉन हार्वे' या अमेरिकी जहाजात लपवलेले मस्टर्ड वायूचे बॉम्ब. जहाज फुटलं, विष पाण्यात आणि हवेत मिसळलं, माणसं मेली आणि तपासात दिसलं की या विषाने पांढऱ्या पेशी नाहीशा होतात. तिथून केमोथेरपी जन्मली, असं सांगतात. गोष्ट नाट्यमय आहे, पण क्रम चुकतो. येल विद्यापीठात गुडमन आणि गिल्मन यांनी नायट्रोजन मस्टर्ड एका लिम्फोमाच्या रुग्णाला ऑगस्ट १९४२मध्येच दिलं होतं. युद्धातलं गुपित म्हणून ते १९४६पर्यंत छापलं नाही. बारीने त्या कामाला बळ दिलं, सुरुवात केली नाही. तेव्हा एक घराणं विषाचं, डीएनएला थेट डागणारं. सायक्लोफॉस्फमाइड हे त्याच्यातलं आज सगळ्यात ओळखीचं नाव. दुसरं घराणं तोतयांचं. त्याच घराण्यात १९५१ साली गर्ट्रूड एलियन यांनी ६-मर्कॅप्टोप्युरिन बनवलं. डीएनएच्या एका विटेसारखी दिसणारी ही खोटी वीट. एलियन पीएचडी नव्हत्या. आजोबा कॅन्सरने गेले तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांचे वरिष्ठ जॉर्ज हिचिंग्ज हार्वर्डला फिस्के यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेले, म्हणजे सुब्बारावांच्याच उंबऱ्यातले. या दोघांना १९८८चं नोबेल मिळालं.

अमिनोप्टेरिन फार जहाल होतं. त्याची जागा त्याच्या जरा मवाळ भावाने घेतली: मेथोट्रेक्सेट. तेही लेडर्लीचंच. हार्लेमच्या डॉ. जेन राइट यांनी १९५१मध्ये ते स्तनाच्या कॅन्सरवरही चालतं हे दाखवलं. म्हणजे रक्ताच्या कॅन्सरपुरतंच नाही, गाठींवरही. पण औषधाने गाठ कायमची गेली, असं अजून कुठेच झालं नव्हतं.

ते झालं १९५६ साली, वॉशिंग्टनजवळच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. आणि झालं तेही गरोदरपणाशीच जोडलेल्या कॅन्सरमध्ये. वारेच्या पेशी बिघडून कोरिओकार्सिनोमा नावाचा कॅन्सर होतो. तो कोवळ्या वयाच्या बाईला गाठतो, फुप्फुसांत पसरतो आणि तिथे रक्तस्राव करून काही आठवड्यांत नेतो. चीनमधून आलेले तरुण डॉक्टर मिन च्यु ली यांनी अशा एका मरणासन्न बाईला मेथोट्रेक्सेट दिलं. काही महिन्यांत क्ष-किरणांत फुप्फुसं स्वच्छ दिसू लागली. इतर कुणीही इथे थांबलं असतं. ली थांबले नाहीत. हा कॅन्सर एक संप्रेरक रक्तात सोडतो. गरोदरपणाच्या चाचणीत आपण तपासतो तेच. गाठ दिसेनाशी झाली तरी ते थोडं उरलं होतं. ते शून्यावर येईपर्यंत ली औषध देत राहिले. वरिष्ठ म्हणाले, तुम्ही माणसावर नाही, आकड्यावर उपचार करताय. विष उगाच देताय. १९५७मध्ये लींना जावं लागलं. पुढे हिशेब लागला. ज्यांचं औषध लवकर थांबवलं त्यांचा कॅन्सर परतला. लींच्या पद्धतीने ज्यांना पूर्ण औषध मिळालं त्या बऱ्या राहिल्या. औषधांनी कायमचा बरा झालेला हा पहिला पसरलेला गाठीचा कॅन्सर. १९७२ साली लास्कर पुरस्कार देताना लींचंही नाव घेतलं गेलं. इतक्या उशिरा आलेल्या शाबासकीने नोकरी परत येत नाही.

मुंबईतल्या गरोदर बायकांच्या रक्तापासून निघालेली गोष्ट पंचवीस-तीस वर्षांनी आणखी एका गरोदरपणातल्या रोगाशी येऊन पोचली, हा योगायोग मला कधी सुटत नाही.

ल्युकेमिया मात्र एका औषधाला दाद देईना. महिना-दोन महिने हटायचा आणि परत यायचा, तोही त्या औषधाला निर्ढावून. क्षयरोगात एका औषधाने भागत नाही, तीन मिळून द्यावी लागतात, हे तोवर ठाऊक झालं होतं. फ्रायराइख आणि फ्राय या दोन डॉक्टरांनी त्याच वाटेने १९६२च्या सुमारास चार औषधं एकत्र दिली: व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन, प्रेडनिसोन. यातलं पहिलं नाव परकं वाटलं तरी झाड आपल्या अंगणातलं आहे. सदाफुली. कॅनडातले रॉबर्ट नोबल यांना जमैकाहून या झाडाची पानं आली होती. तिथले लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत. नोबल यांना मधुमेहावर काही सापडलं नाही. पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशीच संपल्या होत्या. त्यातून १९५८मध्ये व्हिन्ब्लास्टिन आलं आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे दोरच ती तोडतात. सदाफुली पाहून कुणी उगाच पानं चावू नयेत, हे सांगून ठेवतो. शुद्ध केलेलं औषध आणि झाडपाला यांत जीव वाचण्याचा आणि जाण्याचा फरक आहे.

चार औषधांनी रक्त स्वच्छ झालं, पण काही मुलांच्या मेंदूच्या आवरणात आजार लपून राहिला. तिथे रक्तातली औषधं नीट पोचत नाहीत. मेम्फिसच्या सेंट ज्युड इस्पितळात डोनाल्ड पिंकेल यांनी मेथोट्रेक्सेट थेट पाठीच्या मणक्यातून दिलं, डोक्याला क्ष-किरण दिले आणि वर दोन-तीन वर्षं गोळ्या चालू ठेवल्या. १९७०च्या आसपास त्यांची निम्मी मुलं कायमची बरी होत होती. फार्बर यांच्या पहिल्या लेखापासून वीस वर्षं.

याच काळात आणखी एक उलटी चाल पुढे आली. मेथोट्रेक्सेट प्रचंड मात्रेत द्यायचं आणि रुग्णाचा जीव जाण्याआधी त्यावर उतारा द्यायचा. उतारा कशाचा? फॉलिनिक अ‍ॅसिडचा, म्हणजे विल्स फॅक्टरचाच एक तयार अवतार. अंतर, वेळ, मात्रा सगळं घड्याळ लावून. आधी उपाशी मारायचं आणि नेमक्या तासाला जेवू घालायचं. हाडाच्या कॅन्सरमध्ये आजही हे करतात. संधिवाताच्या रुग्णांच्या घरी याची छोटी प्रत पाहायला मिळते: आठवड्यातून एक दिवस मेथोट्रेक्सेट आणि इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. तुमच्या घरात ही गोळी असेल तर ती रोज घ्यायची नसते, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, हे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रोज घेऊन माणसं दगावली आहेत.

केमोला लोक भितात, आणि भीती खोटी नाही. जलद दुभंगणारी प्रत्येक पेशी या औषधांना शत्रू वाटते: मज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. म्हणून तोंड येतं, केस जातात, 'काउंट पडतात'. टाटाच्या बाहेर, दादरच्या गाडगेमहाराजांच्या धर्मशाळेत, काउंट हा शब्द हवामानासारखा बोलला जातो. आज चढले, काल पडले. पुढे आलेल्या नेमक्या औषधांनी, प्रतिपिंडांनी, पेशी बदलून परत सोडण्याच्या उपचारांनी ही किंमत काही आजारांत कमी केली आहे. पण त्यांची दुसरी किंमत, म्हणजे रुपयांतली, बहुतेक घरांना झेपत नाही. त्यामुळे सत्तर-पंचाहत्तर वर्षांची जुनी औषधं आपल्याकडे अजून कामावर आहेत.

मुलांच्या तीव्र ल्युकेमियासाठी १९८४मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या इयान मॅग्राथ यांच्यासह एमसीपी-८४१ नावाचा क्रम आखला गेला. तो टाटामध्ये, चेन्नईच्या अड्यारला आणि दिल्लीच्या एम्समध्ये वर्षानुवर्षं वापरला गेला. भारतातल्या इस्पितळांना परवडेल, रक्त आणि खाटा कमी असताना पेलवेल, असा. त्यात मेथोट्रेक्सेट होतंच, सदाफुलीचं व्हिन्क्रिस्टिनही होतं. आजही या आजारातल्या मुलाला मोठा उपचार संपल्यावर सुमारे दोन वर्षं घरी रोज मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घ्यावं लागतं. गावी गेलेली पोरं या गोळ्या मध्येच सोडतात. परत येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आणि मोठ्यांचं? तंबाखूने आपल्याला तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर भरभरून दिला आहे. तो परतला, पसरला, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला, तर शिरेतून सिस्प्लॅटिन हा एक नेहमीचा उपाय. त्यासाठी इस्पितळात यायचं, सलाइन, उलट्या, मजुरीचा खाडा, सोबतच्या माणसाचा खाडा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी अशा ४२२ रुग्णांचे दोन गट पाडले. एकाला दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिन. दुसऱ्याला घरी घ्यायच्या गोळ्या: मेथोट्रेक्सेट आणि जोडीला सेलेकॉक्सिब ही सूज उतरवणारी साधी गोळी. निकाल २०२०मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापला गेला. सिस्प्लॅटिनच्या गटातले निम्मे रुग्ण ६.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. गोळ्यांच्या गटातले निम्मे ७.५ महिन्यांपेक्षा जास्त. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांत कमी. गोळ्यांतल्या मेथोट्रेक्सेटची मात्रा होती आठवड्यातून एकदा, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे १५ मिलिग्रॅम.